‘सुलभीकरण’ कोणासाठी? : बालके व परावलंबी प्रौढांसोबत काम करणाऱ्यांच्या पूर्वचारित्र्य पडताळणीविषयीच्या चार इंग्लिश अहवालांची चिकित्सा (२००४-२०२३)

प्रस्तावना

शासकीय समितीचा अहवाल हा सामान्यतः समीक्षेचा विषय मानला जात नाही. शिफारशी वाचायच्या, कितींची अंमलबजावणी झाली ते मोजायचे आणि अहवाल कपाटात ठेवायचा, अशी आपल्याकडील रीत आहे. परंतु एखाद्या शब्दाने धोरणाला दिशा दिली असेल आणि तोच शब्द वेगवेगळ्या अहवालांत वेगवेगळ्या अर्थांनी वावरत असेल, तर त्या अहवालांचे संहिता म्हणून वाचन करणे अगत्याचे ठरते. इंग्लंडमध्ये लहान मुले आणि परावलंबी प्रौढ यांच्यासोबत काम करणाऱ्या व्यक्तींच्या पूर्वचारित्र्य पडताळणीबाबत गेल्या दोन दशकांत ‘सुलभीकरण’ या शब्दाचे असेच झाले आहे. प्रस्तुत लेखात सर मायकेल बिचर्ड (२००४), सर रॉजर सिंगलटन (२००९), सुनीता मेसन (२०११) आणि सायमन बेली (२०२३) यांच्या अहवालांतील सुलभीकरणाच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. या अहवालांभोवती घडलेले न्यायनिर्णय आणि कायदे यांचा आधार घेतल्याखेरीज ती शक्य नाही, म्हणून आवश्यक तेथे त्यांचाही परामर्श घेतला आहे.

सोहॅम आणि बिचर्ड अहवाल

ऑगस्ट २००२ मध्ये केंब्रिजशायरमधील सोहॅम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. आरोपी इयान हंटली हा सोहॅम व्हिलेज कॉलेजचा रखवालदार होता. (येथे ‘कॉलेज’ म्हणजे माध्यमिक शाळा, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.) डिसेंबर २००३ मध्ये तो दोषी ठरला आणि त्यानंतर जे उघड झाले त्याने इंग्लंड हादरले. १९९५ ते १९९९ या काळात हंबरसाइड पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. एकाही प्रकरणात तो दोषी ठरलेला नव्हता. त्या तक्रारींचा एकत्रित आलेख कोणीही ठेवला नाही आणि नोकरीच्या वेळी त्यांतील काहीही शाळेपर्यंत पोहोचले नाही. हंटलीने ‘निक्सन’ असेही आडनाव लावले होते. केंब्रिजशायर पोलिसांनी शोध घेतला तो केवळ या एका नावाचा.

बिचर्ड चौकशी समितीचा अहवाल जून २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३१ शिफारशी होत्या. या अहवालाविषयी रूढ झालेला समज असा की, त्याने इंग्लंडवर अवजड नोकरशाही लादली. अहवालाचे प्रत्यक्ष वाचन या समजाला पुष्टी देत नाही. बिचर्ड यांच्यासमोर जी व्यवस्था होती ती विस्कळीत होती. शिक्षण खात्याची ‘लिस्ट ९९’ वेगळी, १९९९ च्या बालसंरक्षण कायद्याखालील यादी वेगळी, प्रौढांसाठीची यादी तिसरी. मार्च २००२ मध्ये सुरू झालेल्या क्रिमिनल रेकॉर्ड्स ब्यूरोकडे पहिल्याच वर्षी अर्जांचा इतका ढीग साचला की सप्टेंबरमध्ये शाळा उघडताना शिक्षकांची पडताळणी रखडलेली होती. शिवाय प्रमाणपत्र ज्या दिवशी निघाले त्या दिवसापुरतेच खरे असे. दुसऱ्या दिवशी काय घडले हे त्या कागदावरून समजण्याची सोय नव्हती.

या पार्श्वभूमीवर बिचर्ड यांची एकोणिसावी शिफारस वाचावी. मुले व परावलंबी प्रौढांसोबत काम करू इच्छिणाऱ्यांची एक नोंदवही असावी, ती सतत अद्ययावत राहावी, एखादे कार्ड वा परवाना दाखवून नोकरी देणाऱ्याला व्यक्ती अपात्र नाही एवढे कळावे, अशी ती कल्पना आहे. म्हणजे पुढे ज्या योजनेची ‘लालफीत’ म्हणून संभावना झाली, ती मुळात सुलभीकरणाची योजना होती. हा विरोधाभास पुढील तीनही अहवालांच्या पोटात दडलेला आहे आणि त्यांपैकी कोणीही तो पुरेसा स्पष्ट केलेला नाही.

बिचर्ड अहवालाचे मर्म मात्र नोंदवहीच्या शिफारशीत नाही. पोलिसांची माहिती नोंदवण्याची, राखण्याची आणि एका दलाने दुसऱ्याला देण्याची पद्धत सदोष होती, यावर त्यांचा मुख्य भर आहे. विदासंरक्षण कायद्यामुळे नोंदी पुसाव्या लागल्या, हा बचाव त्यांनी ग्राह्य धरला नाही. शाळेने उमेदवाराच्या नोकरीच्या पूर्वेतिहासाची आणि शिफारसपत्रांची नीट छाननी केली नाही, हेही त्यांनी नोंदवले आणि मुख्याध्यापक व नियामक मंडळाच्या सदस्यांना निवडप्रक्रियेचे प्रशिक्षण देण्याची शिफारस केली. यांतील पहिली गोष्ट प्रत्यक्षात येण्यास, म्हणजे राष्ट्रीय पोलीस माहितीसंच उभा राहण्यास, २०११ साल उजाडले. नोंदवहीचा कायदा मात्र २००६ मध्येच संमत झाला. अर्ज, शुल्क आणि यादी ही शासनाला जमणारी कामे. पोलीस ठाण्यातील नोंद सुधारणे हे चिवट काम. सोपे आधी झाले.

आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. त्या दोन मुली हंटलीच्या शाळेच्या विद्यार्थिनी नव्हत्या. त्या गावातील प्राथमिक शाळेत होत्या आणि त्याची जोडीदार तेथे शिक्षक-सहायक म्हणून काम करत होती. त्या ओळखीतून मुलींना ते घर परके नव्हते. तेव्हा हंटलीच्या नोकरीची पडताळणी अचूक झाली असती तर तो सोहॅममध्ये आलाच नसता, हे म्हणता येते. पण पडताळणीचे जाळे नोकरीच्या जागेभोवती विणायचे आणि धोका मात्र ओळखीच्या वाटेने यायचा, ही अडचण या विषयाच्या मुळाशीच आहे.

सिंगलटन : संख्येचे सुलभीकरण

२००६ च्या कायद्यानुसार इंडिपेंडंट सेफगार्डिंग ऑथॉरिटी ही संस्था स्थापन झाली. ऑक्टोबर २००९ पासून जुन्या याद्यांच्या जागी दोनच याद्या आल्या, एक मुलांसाठी व दुसरी प्रौढांसाठी. इथवर कोणाची तक्रार नव्हती. वादळ उठले ते नोंदणीच्या आकड्यावरून. सुमारे १ कोटी १३ लाख लोकांना नोंदणी करावी लागेल असा अंदाज होता. सशुल्क काम करणाऱ्यांसाठी शुल्क ६४ पौंड होते. स्वयंसेवकांना ते माफ होते. फिलिप पुलमन, मायकेल मॉर्पर्गो, क्वेंटिन ब्लेक आदी नामवंत बालसाहित्यकारांनी २००९ च्या जुलै महिन्यात जाहीर विरोध केला. पुलमन यांनी तर नोंदणीपेक्षा शाळांत जाणे थांबवण्याची भूमिका घेतली. वर्गात शिक्षक हजर असताना पन्नास मुलांपुढे गोष्ट सांगणाऱ्या लेखकाने आपण निर्दोष असल्याचा दाखला का द्यावा, हा प्रश्न बिनतोड वाटत होता आणि वृत्तपत्रांना असा प्रश्न हवाच असतो.

त्याच संस्थेचे अध्यक्ष सिंगलटन यांच्याकडे फेरविचाराचे काम सोपवण्यात आले. डिसेंबर २००९ मधील त्यांचा अहवाल हा या चौघांत सर्वांत लहान आकांक्षेचा आहे. ‘वारंवार’ म्हणजे महिन्यातून एकदा, हे बदलून आठवड्यातून एकदा असे करावे. ‘सघन’ म्हणजे महिन्यात तीन दिवस, त्याऐवजी चार दिवस असावे. एवढ्याने संख्या सुमारे ९० लाखांवर आली. अहवालाचे शीर्षक ‘रेषा ओढणे’ या अर्थाचे आहे आणि रेषा ओढण्यापलीकडे तो जातही नाही. महिन्यातून तीन दिवस येणाऱ्यापेक्षा चार दिवस येणारा अधिक धोकादायक का, याचे उत्तर तेथे मिळत नाही. मिळणारही नाही, कारण येथे सुलभीकरण म्हणजे केवळ नोंदणीची रांग आखूड करणे होते. रांग आखूड झाल्याने राजकीय टीका थांबेल हा होराही चुकला. जुलै २०१० पासून नोंदणी सुरू व्हायची होती. नव्या आघाडी शासनाने जूनमध्येच ती स्थगित केली.

मेसन : ‘व्यवहारज्ञाना’ची भाषा

सुनीता मेसन यांच्या गुन्हेनोंद पद्धतीविषयक अहवालाचा पहिला भाग फेब्रुवारी २०११ मध्ये आला. त्याच सुमारास नोंदणी योजनेच्या पुनर्रचनेचा शासकीय आढावाही प्रसिद्ध झाला. दोन्हींमधून २०१२ चा ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायदा घडला. नोंदणी रद्द झाली, याद्या राहिल्या आणि डिसेंबर २०१२ मध्ये दोन संस्था विलीन होऊन डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस, म्हणजे डीबीएस, अस्तित्वात आली.

मेसन यांच्या अहवालाच्या शीर्षकातच ‘कॉमन सेन्स’ हा शब्द आहे. हा शब्द धोरणाच्या भाषेत आला की सावध व्हावे, कारण तो युक्तिवादाची जागा घेतो. तथापि मेसन यांच्या बाबतीत अशी सरसकट टीका अन्यायाची ठरेल. त्यांच्या बहुतेक सूचना साध्या, नेमक्या आणि माणसाची कदर करणाऱ्या आहेत. पूर्वी प्रमाणपत्राची प्रत अर्जदार आणि मालक या दोघांना एकाच वेळी जात असे. चुकीची नोंद असली तर ती दुरुस्त होण्याआधीच मालकाच्या टेबलावर पोहोचलेली असायची. मेसन यांनी ते केवळ अर्जदाराकडे जावे असे सुचवले आणि जून २०१३ पासून तसे घडले. सोळा वर्षांखालील मुलांची पडताळणी करू नये, ही सूचनाही मान्य झाली. पोलिसांनी कोणती अतिरिक्त माहिती कळवावी याची कसोटी पूर्वी ‘संबंधित असू शकेल’ इतकी सैल होती. ती ‘संबंधित आहे असे वाजवीपणे वाटते’ अशी घट्ट झाली.

शेवटच्या बदलामागे न्यायालयाचाही हात होता. ऑक्टोबर २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एल’ या आद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका महिलेच्या प्रकरणात निर्णय दिला. ती शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर देखरेख करण्याचे काम करी. तिला कोणतीही शिक्षा झालेली नव्हती. परंतु तिचा स्वतःचा मुलगा कधीकाळी संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या नोंदवहीत होता, ही माहिती पोलिसांनी कळवली आणि तिचे काम गेले. ती खटला हरली. पण समाजाचे संरक्षण आणि व्यक्तीचे खासगी जीवन या दोहोंत कोणतेही पारडे आधीच जड धरता येणार नाही, हे तत्त्व तिच्या खटल्याने मिळवून दिले.

मेसन यांची सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे हस्तांतरणीय प्रमाणपत्र. एकच माणूस सकाळी शाळेत, संध्याकाळी क्रिकेट क्लबात आणि रविवारी वृद्धाश्रमात जात असेल तर त्याची तीन प्रमाणपत्रे कशासाठी? जून २०१३ मध्ये वार्षिक १३ पौंड शुल्काची अद्ययावत सेवा सुरू झाली; स्वयंसेवकांसाठी ती विनामूल्य होती. अर्जदाराच्या संमतीने नवा मालक संगणकावर जुन्या प्रमाणपत्राची स्थिती पाहू शकतो. आता हे बिचर्ड यांच्या सतत अद्ययावत राहणाऱ्या नोंदवहीशेजारी ठेवून पाहावे. कल्पना तीच आहे. फरक इतकाच की बिचर्ड यांच्या योजनेत ती सर्वांना बंधनकारक होती, मेसन यांच्या योजनेत ती ऐच्छिक आणि वर्गणी भरणाऱ्यापुरती आहे. सात वर्षांत मधली वाट वळसा घालून पुन्हा त्याच दाराशी आली, पण आत कोण येईल हे प्रत्येकाच्या मर्जीवर राहिले.

देखरेखीची फट

२०१२ च्या कायद्यातील एका तरतुदीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. बंदीयादीतील व्यक्तीला जे काम करता येत नाही त्याला कायदा ‘विनियमित कार्य’ म्हणतो. सप्टेंबर २०१२ पासून या कार्याची व्याख्या आकुंचित झाली. जो स्वयंसेवक वा प्रशिक्षक दुसऱ्या पात्र व्यक्तीच्या नियमित, दैनंदिन आणि परिस्थितीनुसार वाजवी अशा देखरेखीखाली मुलांना शिकवतो, त्याचे काम विनियमित राहिले नाही. लेखकांच्या आक्षेपाला हे उत्तर होते आणि वरकरणी समंजसही होते.

परिणाम काय झाला? यादीची तपासणी फक्त विनियमित कार्यासाठी करता येते. म्हणून देखरेखीखालील स्वयंसेवकाचे विस्तृत प्रमाणपत्र शाळा मागवू शकत असे, पण तो बंदीयादीत आहे काय, हे मात्र तिला विचारता येत नसे. बंदी ही नेहमीच न्यायालयीन शिक्षेवर आधारलेली नसते. पूर्वीच्या मालकाने कळवलेल्या गैरवर्तनावरूनही ती घातली जाते. अशा माणसाच्या प्रमाणपत्रावर शिक्षेचा उल्लेख नसण्याची शक्यता असते. म्हणजे शासनाला जी गोष्ट ठाऊक आहे ती शाळेला विचारण्याची मुभाच उरली नाही. यात कागद वाचला हे खरे. त्याबरोबर माहितीही गेली.

शिवाय देखरेख वर्गातल्या तासापुरती असते. मुलाच्या मनात जो विश्वास तयार होतो तो तास संपल्यावर संपत नाही. सोहॅममध्ये धोका ओळखीच्या वाटेने आला होता, हे २०१२ च्या कायदेकर्त्यांना आठवायला हवे होते. इंग्लंड व वेल्समधील बाललैंगिक शोषणाच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२२ च्या अंतिम अहवालात नेमका हाच मुद्दा घेतला. मुलांसोबत वारंवार काम करणाऱ्या कोणाचीही बंदीयादीत नोंद आहे का, हे देखरेखीचा विचार न करता तपासता यावे, अशी शिफारस आयोगाने केली. संस्थांनी गैरवर्तनाची माहिती डीबीएसला कळवण्याचे कायदेशीर कर्तव्य नीट पाळले जात नाही, याकडेही त्याने लक्ष वेधले. हा दुसरा मुद्दा मोलाचा आहे. यादी आपोआप भरत नाही. शाळा, आश्रम, क्लब यांनी कळवले तरच ती भरते आणि ‘शांतपणे राजीनामा द्या, आम्ही काही लिहीत नाही’ असा तोडगा जिथे निघतो तिथे पुढची शाळा आंधळी राहते. अर्जाचा नमुना कितीही सुटसुटीत केला तरी या मौनावर तो उपाय नव्हे.

प्रौढांच्या बाबतीत २०१२ चा बदल अधिक विचारपूर्वक झाला, हेही मान्य केले पाहिजे. पूर्वी अमुक ठिकाणी राहतो म्हणून माणूस ‘दुर्बल’ ठरत असे. नव्या व्याख्येने माणसावरचा शिक्का काढून कामाकडे पाहिले : आंघोळ घालणे, भरवणे, औषधोपचार, पैशांचे व्यवहार सांभाळणे इत्यादी. ज्याला अशा साहाय्याची गरज आहे त्याच्यासाठी ते काम विनियमित. आणि ते एकदा केले तरी पुरे. मराठीत आपण ‘असहाय’, ‘दुर्बल’, ‘परावलंबी’ हे शब्द सहज वापरतो, प्रस्तुत लेखातही पर्यायाअभावी तो वापरला आहे. त्या प्रत्येकात व्यक्तीविषयीचा निवाडा आहे. या एका ठिकाणी सुलभीकरणाने भाषाही सुधारली.

सोप्या नियमाचे ओझे

आतापर्यंतचे विवेचन माहिती कमी मिळण्याविषयी होते. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. नियम जितका सोपा, तितका तो माणसामाणसांतला फरक पाहत नाही.

‘टी’ या तरुणाला ११ वर्षांचा असताना दोन सायकलींच्या चोरीवरून पोलिसांनी ताकीद दिली होती. १७ व्या वर्षी फुटबॉल क्लबातील अर्धवेळ कामासाठी आणि १९ व्या वर्षी क्रीडा अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी अर्ज करताना ती ताकीद त्याच्या प्रमाणपत्रावर उमटली. तेव्हाचा नियम अत्यंत सोपा होता : जे नोंदीत आहे ते सगळे कळवायचे. अपील न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ही पद्धत मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. त्याच वर्षी मे महिन्यात गाळणीचे नियम आले आणि जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही टीच्या बाजूने निकाल दिला. मेसन यांनी जुन्या किरकोळ नोंदी गाळण्याची सूचना २०११ मध्येच केली होती; ती अमलात यायला टीचा खटला लागला.

गाळणीचा नियमही यांत्रिकच होता. प्रौढाची एकच शिक्षा असेल, तुरुंगवास नसेल आणि अकरा वर्षे लोटली असतील तर ती वगळायची. एकाहून अधिक शिक्षा असतील तर मात्र सगळ्या कायम दाखवायच्या. आता ‘पी’ या महिलेचे प्रकरण पाहावे. १९९९ मध्ये तिने एक सँडविच चोरले, त्याबद्दल ताकीद मिळाली. पुढच्याच महिन्यात ९९ पेन्सचे एक पुस्तक चोरले आणि जामिनाच्या तारखेला ती हजर राहिली नाही. त्या वेळी ती २८ वर्षांची, बेघर आणि निदान न झालेल्या स्किझोफ्रेनियाने ग्रस्त होती. पुस्तकाची चोरी आणि गैरहजेरी मिळून शिक्षा दोन झाल्या आणि ‘एकाहून अधिक’ या अटीत ती अडकली. पुढे तिला शिक्षक-सहायक व्हायचे होते. प्रत्येक अर्जाबरोबर ते पुस्तक आणि त्याच्या मागोमाग आजाराची कहाणी तिला उलगडावी लागे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक शिक्षांचा हा सरसकट नियम आणि बालवयातील ताकिदी कळवण्याची पद्धत प्रमाणाबाहेरची ठरवली. २८ नोव्हेंबर २०२० पासून दोन्ही रद्द झाल्या.

न्यायालयाने ठरावीक वर्गांवर आधारलेला नियमच मुळात अवैध ठरवला नाही, ही बाब बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करायचा तर लाखो अर्ज तुंबतील, हे त्याने मान्य केले. प्रश्न सोपा नियम असावा की नसावा हा नव्हता. त्या सोपेपणाची किंमत पीसारख्या एका माणसाने किती वर्षे भरावी, हा होता. येथे पडताळणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. प्लिमथमधील एका पाळणाघरातील कर्मचारी महिला २००९ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल दोषी ठरली, तेव्हा तिचे प्रमाणपत्र कोरे होते. त्या कागदाने पीला अडवले, प्लिमथला काही अडले नाही.

बेली : जुने प्रश्न, नवे दार

सायमन बेली हे माजी मुख्य पोलीस अधिकारी. एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात फटी शोधणाऱ्या अनुभवी तपासी अधिकाऱ्याची नजर आहे. स्वयंरोजगार करणाऱ्यांची अडचण त्यांनी ठळकपणे मांडली. घरी येऊन शिकवणारा खासगी शिक्षक कोणत्याही संस्थेचा नोकर नसतो आणि विस्तृत प्रमाणपत्रासाठीचा अर्ज संस्थेमार्फत करावा लागे. त्यामुळे ज्या शिक्षकावर कोणाचीही नजर नाही त्याच्याविषयी पालकाला सर्वांत कमी माहिती मिळे, आणि शंभर डोळ्यांदेखत शिकवणाऱ्याची मात्र पूर्ण छाननी होई. या व्यक्तींना विस्तृत प्रमाणपत्राच्या कक्षेत आणण्याची बेली यांची शिफारस रास्त आहे. ही कक्षा वाढवणे सुलभीकरणाच्या विरुद्ध जाते असे वाटेल. पालकाच्या दृष्टीने मात्र हेच खरे सुलभीकरण आहे.

नावबदलाचा प्रश्नही बेली यांच्यापुढे होता. हंटली-निक्सन प्रकरणाला तेव्हा वीस वर्षे उलटली होती. इतक्या सुधारणांनंतरही माणसाने स्वतःची सगळी नावे प्रामाणिकपणे सांगितली आहेत या गृहीतकावर व्यवस्था बऱ्याच अंशी उभी असावी, हे धक्कादायक आहे. बेली अहवालाची उणीव अशी की, पीसारख्या माणसांची बाजू त्यात फारशी ऐकू येत नाही. मेसन यांच्याकडे जी तोलाची जाण होती ती येथे विरळ आहे.

स्कॉटलंडने वेगळा मार्ग घेतला, त्याचा ओझरता उल्लेख पुरे. तेथे २०११ पासून सदस्यत्वाची योजना होती आणि १ एप्रिल २०२५ पासून ते सदस्यत्व ठरावीक कामांसाठी बंधनकारक झाले. इंग्लंडने २०१० मध्ये जे गुंडाळले, त्याचे शेजारच्या घरात आजही चालते रूप ते आहे. इंग्लिश अहवालकारांनी त्याकडे आणखी बारकाईने पाहायला हवे होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

या चर्चेचा महाराष्ट्राशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला अगदी व्यावहारिक आहे. परदेशातील गुन्ह्यांची नोंद डीबीएसला पाहता येत नाही. त्यामुळे एप्रिल २०१७ पासून शिक्षण, आरोग्य व सामाजिक सेवा या क्षेत्रांत कुशल कामगार म्हणून ब्रिटनला जाणाऱ्याला मायदेशाचा दाखला द्यावा लागतो. नाशिकची वा सांगलीची परिचारिका पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र घेते आणि त्यामागे तिच्या पत्त्यावरील पोलीस ठाण्याचा अहवाल असतो. लंडनमधील वृद्धाश्रमाची खात्री अखेरीस त्या ठाण्यातील नोंदवहीवर येऊन टेकते. बिचर्ड यांनी हंबरसाइडविषयी जे लिहिले ते अशा वेळी फार दूरचे वाटत नाही.

दुसरा संबंध आपल्या शाळांचा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा मुलांशी नियमित संपर्क असलेल्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करणे बंधनकारक आहे. मग तो शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर राज्य शासनाला सीसीटीव्ही आणि चारित्र्य पडताळणीबाबत नव्याने आदेश काढावे लागले. त्या प्रकरणातील आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. नियम चार वर्षे आधीपासून अस्तित्वात होता.

भारतात डीबीएससारखी बंदीयादी नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसंच केवळ तपासयंत्रणांसाठी खुला आहे. मुख्याध्यापकाला तो पाहता येत नाही. शिक्षा न होता गैरवर्तनामुळे काढलेल्या कर्मचाऱ्याची माहिती पुढच्या शाळेला मिळण्याचा कोणताही अधिकृत मार्ग नाही. दुसरीकडे, २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ नुसार बालवयातील गुन्ह्यामुळे, काही गंभीर अपवाद वगळता, पुढे कोणतीही अपात्रता येत नाही आणि नोंदही नष्ट करावयाची असते. टीला जे मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले ते येथे कायद्याच्या कलमात आधीच लिहिलेले आहे.

२०२० च्या नियमांत ही पडताळणी ‘नियतकालिक’ असावी असे म्हटले आहे. तो काळ किती, हे नियमात दिलेले नाही. वर्षाने, पाच वर्षांनी की नेमणुकीच्या वेळी एकदाच, हे प्रत्येक संस्था आपापल्या समजुतीप्रमाणे ठरवते आणि बहुतेक ठिकाणी तो दाखला नेमणुकीच्या फाइलमध्ये एकदा लागला की पुन्हा काढला जात नाही.